आईला न मिळालेलं पाणी

पाळकसाहेब खुर्चीवर बसले होते आणि माझी आई खाली, चर्चच्या ओट्यापाशी उकिडवी. बाप्तिस्म्याची परीक्षा चालली होती. आमच्या मांगवाड्यातली सहा माणसं आली होती. प्रत्येकाला तोच प्रश्न. "मूर्तिपूजा सोडलीस?" पाच जणांनी सोडली म्हणून सांगितलं. त्यातल्या तिघांनी गेल्याच आठवड्यात येरमाळ्याला जाऊन देवीला नारळ फोडला होता. मला ठाऊक होतं. मग आईची पाळी आली.

"सोडली साहेब. पर पाचवी मांडावी लागती."

सगळे हसले. ते पाच जणही हसले.

आई सुईण होती. गावातलं मूल तिच्या हातावर यायचं, मग घर पाटलाचं असो की वाण्याचं. पहिली अंघोळ तीच घालायची. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून हळद-कुंकू वाहायचं कामही सुईणीचंच. सटवाई येते आणि लेकराचं नशीब लिहिते, म्हणतात.

"म्या पुजत न्हाय साहेब. बाळंतिणीला भ्या वाटतंय, तिच्यासाठी मांडती. न्हाय मांडली आन् लेकराला कायी झालं, तर माझ्यावर येतंय."

"म्हणजे मूर्तिपूजाच की."

"मग खोटं बोलू का?"

पाळकसाहेबांनी पेन्सिलीनं तिच्या नावावर रेघ मारली. "सहा वर्षं शिकवतोय. मांग ते मांगच. पुढच्या वर्षी बघू. ऊठ."

त्यांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. दर उपदेशात ते कुठून तरी आजोबांना आणतच. येशू एखाद्या रविवारी राहून जायचा, आजोबा नाही.

मी पंधरा वर्षांची होते. मिशनच्या शाळेत शिकलेली. सगळं घडाघडा पाठ म्हणून आदल्याच दिवशी पास झाले होते. खरं सांगते, मला तेव्हा पाळकसाहेबांचा राग आला नाही. मला आईची लाज वाटली. वाटेत मी तिच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर तिनं भाकरी थापल्या, नेहमीसारख्या.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. रझाकारांची गडबड अजून सुरू व्हायची होती. आईनं घरातले देवाचे टाक फडक्यात बांधून मिशनला नेऊन दिले, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून भावकीनं आम्हाला जेवणावळीला बोलावलं नाही. दर शनिवारी चर्च झाडायची आई. पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस वाटताना तिला बाहेर उठून जावं लागे. बाप्तिस्मा नव्हता ना.

परीक्षेनंतर आठ दिवसांत तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "साहेबाला बोलीव. आता पानी घालत्यात का बघ."

मी पळत गेले. पाळकसाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात चहा पीत होते. मला पायरीवरच थांबवलं.

"ताप उतरू दे. भीतीपोटी घेतलेला बाप्तिस्मा खरा नसतो," ते म्हणाले.

मी घरी येऊन सांगितलं, "येणार हैत." आईनं तोंड दाराकडं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती दाराकडंच बघत होती. मग बघायची थांबली.

मला रडू आलं नाही. मी तशीच बंगल्यावर गेले.

"कबरस्तानात जागा द्या."

"बाप्तिस्मा झाला नव्हता. कुंपणाच्या आत माती देता येणार नाही."

"ती तरली का न्हाय, एवढं तरी सांगा."

"शास्त्राला विचार. मी कोण सांगणारा?"

शास्त्र मला पाठ होतं. मी म्हणाले, "क्रुसावर बाजूला टांगलेला चोर प्रभूसंगं स्वर्गात गेला. त्याच्या डोक्यावर पानी कुनी घातलं?"

ते म्हणाले, "त्याला वेळ नव्हता. तुझ्या आईला सहा वर्षं होती. येत्या रविवारी तुझा बाप्तिस्मा आहे. तोंड सांभाळ."

मी खाली मान घालून परत आले.

मांगवाड्यातल्या म्हाताऱ्यांनीही आपल्यात जागा दिली नाही. म्हणाले, टाक तिकडं दिले, आता मढंही तिकडंच न्या. शेवटी एकटा चुलता कुदळ घेऊन आला. कबरस्तानाच्या तारेबाहेर, ओढ्याच्या काठाला आम्ही दोघांनी खणलं. मुरूम होता. कमरेएवढा खड्डा होईपर्यंत ऊन कलंडलं. माती लोटताना चुलता म्हणाला, "माझी दोनी पोरं हिच्याच हातावर झाली."

रविवारी मी धुतलेलं लुगडं नेसून चर्चमध्ये गेले. का गेले, माहीत नाही. पाय गेले. पितळी भांड्यात पाणी ठेवलं होतं. परीक्षेत पास झालेले पाचही जण माझ्या पुढं होते. पाळकसाहेबांनी एकेकाच्या डोक्यावर पाणी घातलं. नारळ फोडून आलेल्या तिघांच्याही. मग माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले. त्यांनी भांड्यात हात बुडवला.

"थांबा साहेब," मी म्हणाले.

मी मान वर केली.

"सहा वर्षं माझ्या आईपाशी नव्हती. तुमच्यापाशी होती. कवाबी घालता आलं असतं पानी. तिनं खरं सांगितलं म्हनून घातलं न्हाय."

त्यांचा हात भांड्यातच राहिला. "तुझ्या तारणाचा प्रश्न आहे, पोरी. विचार कर."

"केला. प्रभूला म्या मानते. त्याच्यापाशी माझी आई असंल तर मलाबी ह्या पान्याची गरज न्हाय. आन् ती तिथं नसंल, तर मला तिथं जायचं न्हाय."

मी वळले आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर आले. कुणी अडवलं नाही. त्या दिवसापासून रोज प्रार्थना करते. बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेणारही नाही. मुलाला सांगून ठेवलंय, मेल्यावर कुठल्याच कुंपणाच्या आत माझ्यासाठी जागा मागायची नाही.