खिडकीतलं हसू

सोव्हिएत राज्य होतं तोवर तमारा इग्नात्येव्ना कारागांडाच्या सरकारी बचत बँकेत आठ्या घालून बसली. राज्य गेल्यावर नव्या खासगी बँकेने तिला घेतलं ते एका अटीवर: गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं, नाहीतर घरी.

ती हसली. खिडकीशी आलेल्या म्हातारीने विचारलं, "काय गं, बँक बुडाली का?"

"नाही हो, आजी."

"मग दात कशाला काढतेस? माझे पैसे दे."

दुपारी पैसे काढणाऱ्यांची रांग रस्त्यावर गेली. मॅनेजर घामाघूम. "तमारा इग्नात्येव्ना, हात जोडतो, आठ्या घाला."

तिने घातल्या. "ढकलाढकली नको!" ती खेकसली. रांग निर्धास्त होऊन पांगली.

पुढे गावोगाव शाखा निघाल्या. नव्या मुलींना आठ्या घालायला तमाराच शिकवायची.