मूठभर नवा कापूस

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं गाद्यांचं दुकान. जुनी गादी उसवायची, दबलेला कापूस मशीनवर पिंजायचा, पुन्हा खोळीत भरून टाके घालायचे, हे नवऱ्याचं काम. गिऱ्हाईक मी सांभाळायचे. बोंडअळीने पीक खाल्लं त्या वर्षीही खेड्यातली माणसं मुलीच्या लग्नाच्या गादीसाठी घरचा कापूस राखून आणत. मंदी आम्ही पाहिली होती. कोरोना पाहिला नव्हता.

पिंजताना जुना कापूस थोडा धूळ होऊन उडतो. ती तूट दुकानातला मूठ-दोन मूठ नवा कापूस घालून भरून काढायची, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि गिऱ्हाइकाला सांगायचंही नाही, ही सासऱ्यांची रीत.

टाळेबंदी उठल्यावर पहिली गादी गल्लीतल्या एका शिक्षिकाबाईंची आली. कित्येक महिन्यांनी मशीन चालली, त्या आनंदात नवऱ्याने हात जरा सैल सोडला. दुसऱ्याच दिवशी बाई गादी ऑटोत घालून परत आल्या.

"भाभी, दिली त्यापेक्षा जाड झाली ही. खरं सांगा, कोणाचा कापूस घातला हिच्यात?"

नवरा म्हणाला, नवा आहे, आमच्या पदरचा. बाई हसल्या. या दिवसांत फुकट कोण देतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा लोक आजाऱ्यांच्या गाद्या मोर्णा नदीच्या काठी टाकून येत होते. तोच कापूस आम्ही उचलून भरतो, हे आठवड्यात गल्लीभर झालं. शेजारणीला मी सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि भरायला दिलेली रजई तशीच उचलून नेली.

मी नवऱ्याला म्हटलं, "आजपासून मूठ बंद. जेवढा निघंल तेवढाच भरा."

"कमी भरलेली गादी मी देनार नाई. अब्बाचं दुकान हाय हे."

पण पूर्ण भरलेली घेणारं कोणी उरलं नव्हतं. दिवाळीआधी मशीन भंगारात गेली. भंगारवाल्याला मीच बोलावलं.

आता दुकानात फोमच्या गाद्या आहेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. आत काय भरलंय हे कोणी विचारत नाही. त्या बाईंनीही एक नेली, वॉरंटीचं कार्ड तेवढं नीट पाहून घेतलं. धंदा सावरला म्हणून बाजारातले लोक माझं कौतुक करतात. नवरा पायरीवर बसतो. गिऱ्हाइकाने त्याला गादीबद्दल काही विचारलं, की तो आत माझ्याकडे बोट दाखवतो.