पत्र्याच्या भोकातलं रबर

घाटाखालच्या शिळफाट्याचा आमचा वायरमन कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी बॅटरीची वायर सोडवायचा. मग वायरींशी बोलत बसायचा. "हितनं नको गं, सायलेन्सर तापतो. वरनं ये." माझ्या ट्रकचं काम त्याच्याकडेच असे.

एकदा मुंबईच्या एका शेटच्या शर्यतीच्या फियाटला त्यानं विजेवर उघडून पेट्रोल सोडणारा सोलेनॉइड जोडून दिला. शेट पुण्याकडे निघून गेला. थोड्या वेळानं हा धावत येऊन माझ्या ट्रकमध्ये चढला. "घाटात चल रं! वायर जाती त्या पत्र्याच्या भोकात रबर बसवायचं ऱ्हायलं. वायर घासली तर गाडी पेटंल."

खंडाळ्याला एका हॉटेलापुढं फियाट उभी दिसली. चहा पिणाऱ्या शेटला यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "शेट, चुकी माझी हाय. बॉनेट उघडा."

"अहो, गाडी तर मस्त पळतेय," शेट म्हणाला.

यानं बॅटरी सोडवली आणि वायर ओढून दाखवली. आवरण सोलवटून आतलं तांबं दिसायला लागलं होतं. शेटनं कप खाली ठेवला. यानं नवी वायर घातली, रबर बसवलं, हात पुसले.

हॉटेलातले ड्रायव्हर मला विचारू लागले, "कोण रं ह्यो?"

"आमचा वायरमन," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.