पात्याचा बाण

डोंगर चढायला येणारी शहराकडची मंडळी आमच्या पडवीत पाणी प्यायला टेकतात. भिंतीवरचा कामठा त्यांना दिसतो आणि लगेच फोन बाहेर निघतो. "काका, हे धनुष्य कसं बनवायचं? काही टिप्स?"

टिप्स म्हणे! घ्या लिहून.

बांबू कोवळा तोडू नका, जून बघून तोडा. तोडल्यावर उन्हात टाकलात तर चिरला म्हणून समजा. चुलीच्या वर धुरात दोन-तीन महिने पडू द्या. काम नसेल तेव्हा दोरी उतरवून ठेवा, नाहीतर कामठ्यातला जोर जातो. नेम शिकायचा तर केळीच्या कापलेल्या खांबावर शिका, बाण मोडत नाही. रानात बसताना वारा तोंडावर घ्या. अंगाला साबण नको, खिशात तंबाखू नको. डुकराला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण नाक असं की काल तुम्ही काय जेवलात तेही सांगेल.

हे सगळं मला पलीकडच्या आदिवासी वाडीवरच्या म्हाताऱ्या बाबांनी शिकवलं. चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरायचा, कामठा धरला की गप्प. त्यांनी मला दोन तऱ्हेचे बाण करून दिले. एकाच्या टोकाला लाकडाचं बोंड, जनावराला नुसता दणका देऊन शेतातून हाकलायला. दुसऱ्याला लोखंडी पातं. शिकारीला बंदी आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पात्याचे बाण दिले ते एखादं अंगावरच आलं तर जीव वाचवायला. वर बजावलं, "एक सोडलास का लगेच दुसरा लावायचा, बघत बसायचं नाय. लागलेलं डुक्कर उलटून येतंय."

आमची नाचणी आंबेनळी घाटाच्या अंगाला, उतारावर. तीन वर्षांपूर्वी भादव्यात कणसं भरत आली आणि एका रात्रीत डुकरांनी अर्धं शेत लोळवलं. सकाळी ते बघितलं आणि माझं डोकं सटकलं. चार महिन्यांची मेहनत हो! दुसऱ्या दिवशी पहाटेच राखणीला जायचं ठरवलं आणि संध्याकाळी पात्याचे बाण काढून धार लावत बसलो.

बायकोने ते बघितलं. म्हणाली, "अवो, बोंडाचे न्या. पात्याचे नको."

"तू गप बस गो. तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळतंय म्हणूनच सांगतेय. तुमी रागात हायत."

मी जेवणाचं ताट भिरकावलं. माझं असंच आहे, आधी हात चालतो, मग डोकं. भाकरी चुलीपाशी जाऊन पडली. तिने ती उचलली, झाडली, टोपलीत ठेवली, आणि आम्ही न बोलता झोपलो.

पहाटे मी एकटाच निघालो. माझी बसायची जागा शेताच्या वरच्या टोकाला, राखणीच्या मचाणावर, म्हणजे आमच्या माळ्यावर. घरात सगळ्यांना ती ठाऊक. पण त्या दिवशी वारा फिरला होता, म्हणून मी खाली उतरून बांधाच्या आडोशाला बसलो. जागा बदलली तर घरी कळवावं, ही खरी पहिली टीप. ती कुठल्याही पाहुण्याला लिहून घ्यावीशी वाटत नाही. आणि मी तरी कुणाला कळवणार होतो? आमचं बोलणं बंद होतं.

उजाडायच्या बेताला धुकं उतरलं, बारीक पाऊस सुरू झाला. समोर नाचणी हलली. तांबूस, ओली, केसाळ पाठ. वाकलेली, जमिनीशी तोंड घातलेली, हळूहळू पुढे सरकणारी. छाती अशी धडधडली की ते ऐकून जनावर पळेल असं वाटलं. मी दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली.

दाणकन आवाज झाला. पाठ खाली बसली. मी शिकवल्याप्रमाणे दुसरा बाण लावला, ताणला.

आणि त्या पाठीने मान वळवली.

बायको होती हो माझी! इरलं घेऊन आली होती. हल्ली इरलं कोण घेतं? सगळे निळे, पिवळे प्लास्टिकचे कागद पांघरतात. ही मात्र म्हणते, कागदाने घाम येतो, वाऱ्याला उडतो, इरलं कसं पाठीवर बसतं, हात मोकळे राहतात. कामट्या आणि सुकी पानं, वरून सगळी पाठ झाकलेली. मी वर माळ्यावर आहे असं धरून ती खालच्या वाटेने आली होती आणि लोळलेली नाचणी उचलून पेंढ्या बांधून उभी करत होती. आदल्या संध्याकाळी जिच्यासमोर मी ताट फेकलं, ती बाई!

ती बघत होती. मीही बघत होतो. चेहरा ओळखला तरी माझे हात ताणलेलेच राहिले. ते खाली घ्यायचे असतात हेच मला सुचेना. मग केव्हातरी कामठा हातातून गळला.

बाण इरल्याच्या कामट्यांत अडकला म्हणून ती वाचली. पात्याचं टोक तेवढं खांद्याखाली बोटभर शिरलं होतं. पंचा बांधला, रिक्षा केली, पोलादपूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं? माझं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बांबूची कामटी घुसली." टाके घालताना तिने हूं की चूं केलं नाही. रिक्षात नाही, घरीही नाही.

पाचव्या दिवशी ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मला ते गप्प राहणं सोसेना. म्हटलं, "बोल गो कायतरी. शिव्या दे, पण बोल."

तिने सुपातून मान वर केली नाही.

"पयला चुकून लागला, ते कळलं मला. पण मी तोंड वळवलं. तुमी मला बघितलंत. तरी दुसरा ताणलेलाच."

"अगो, मला सुचलंच नाय..."

"मनात म्हटलं, वळखून पण सोडतायत."

मी देवाची शपथ घेतली, पोरांची घेतली, तिच्यासमोर ढसाढसा रडलो. "असूंदे," म्हणाली, आणि खडा वेचून बाहेर टाकला.

सव्वीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे माझ्याबद्दल खरं वाटलं हो! आणि ते खोटं होतं, हे मला तिला अजून पटवता आलेलं नाही.