छिन्नीकाकांनी न कोरलेली पाटी

कुठलाही मजकूर कोरण्याआधी छिन्नीकाका तो मेलेल्याच्या घरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. फोनवर नाही, समोर उभं राहून. ऐकणाऱ्यानं मान हलवली की मगच दगडाला छिन्नी लागायची. कॅनडातल्या केंब्रिजमधल्या माझ्या दुकानात किचनचे काउंटरटॉप होतात आणि कबरींचे दगडही. मशीन तासाभरात अक्षरं कोरून देतं. पण हातकोरीव अक्षर हवं असलेलं गिऱ्हाईक काकांसाठीच यायचं, म्हणून मी हा वेळखाऊपणा चालवून घेतला. खुशीनं नव्हे.

काका मूळचे रेवदंड्याचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. धंदा वडिलांकडून आलेला. मला शेठ म्हणायचे आणि अरेतुरे करायचे. "शेठ, भाव करताना तू श्वास घेतोस की नाही?" शनिवारी कामाला हात लावायचे नाहीत, मग ऑर्डरी कितीही तुंबोत. मी आरडाओरडा केला की म्हणायचे, "ओरड. सोमवारपर्यंत घसा बरा होईल."

शेजारच्या गावातल्या बागेत एक दगडी शिपाई उभा आहे. पश्चिमेकडे जाऊन मूलनिवाशांना चिरडणाऱ्या पलटणीचं ते स्मारक. कुणीतरी त्याच्यावर लाल रंग ओतला आणि गाव दुभंगलं. अर्धे म्हणाले, पाडा. अर्धे म्हणाले, इतिहासाला हात लावू नका. कौन्सिलनं मधला मार्ग काढला: शिपाई राहील, खाली नवी दगडी पाटी बसेल. हातकोरीव.

ते काम मी भांडून मिळवलं. ज्यांनी इतकी वर्षं माझं आडनाव धड उच्चारलं नाही, त्यांच्या सरकारी कागदावर माझ्या दुकानाचं नाव येणार होतं. मला ते हवंच होतं.

मजकूर आला: 'या मोहिमेत दोन्ही बाजूंची जीवितहानी झाली.'

"हे कुणाला वाचून दाखवू?" काकांनी विचारलं.

"कुणालाही नाही. कौन्सिलनं पास केलंय."

"मेलेल्यांचं कुणीतरी असेलच की."

होतं. रोज दुपारी शिपायासमोर फोल्डिंग खुर्ची टाकून एक रिटायर्ड मूलनिवासी शिक्षिका बसायची. त्या मोहिमेत तिच्या घरचीच माणसं मारली गेली होती. काका बसनं गेले आणि तिच्यासमोर उभं राहून त्यांनी ते वाक्य वाचलं. तिनं मान हलवली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या पणजीची बहीण तेव्हा सात वर्षांची होती. ती कुठल्या बाजूला धरायची?"

काका परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. "शेठ, हे मी कोरणार नाही."

"मजकूर त्यांचा आहे, काका. आपण दगडवाले."

"हात माझे आहेत. यात मारणारा कुठाय? जीवितहानी झाली म्हणे. पाऊस झाल्यासारखी!"

मी तापलो. दुकानातल्या अकरा माणसांसमोर म्हणालो, "नाही कोरायचं ना? मग उद्यापासून येऊ नका!"

"उद्या शनिवार आहे. तसाही येणार नव्हतो."

सोमवारी आले ते फक्त हत्यारं न्यायला. कौन्सिलला हातकोरीवच हवं होतं आणि ते हात मीच घालवले होते. काम दुसऱ्या दुकानाला गेलं. काका पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीला, मुलीकडे गेले.

पाटीच्या उद्घाटनाला मला बोलावणं नव्हतं, तरी गेलो. भाषणं झाली. शिक्षिकेनं खुर्ची उलटी फिरवली आणि पाटीकडे पाठ करून बसून राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी घोषणा दिल्या. मी कुठल्याच घोळक्यात बसेना. शेवटी गाडीत येऊन बसलो आणि काका हत्यारं घेऊन गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांना फोन लावला.

"बघा, झालीच ना पाटी?" मी सुरुवातच अशी केली. "तुम्ही नाही कोरली, दुसऱ्यानं कोरली. काय मिळवलंत?"

काका म्हणाले, "पण आपल्या दुकानात नाही ना झाली."

आपल्या! अकरा माणसांसमोर ज्याला हाकललं, तो माणूस अजून आपलं दुकान म्हणत होता. परत या, एवढंच म्हणायचं होतं.

"थंडी सांभाळा," मी म्हणालो.

बर्नाबीत आमच्यासारखी थंडी नसते, हे मलाही माहीत होतं. त्यांच्याशी माझं तेच शेवटचं बोलणं.