जाणाऱ्या मेलची अक्षरं

खुलताबादची बस घाट उतरली की रईसाला आधी टँकर दिसायचे, मग शहर. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, शहर मात्र पसरतच चाललं होतं. नव्या वसाहतींत माणसं आली होती, नळ आले नव्हते. त्यांना पाणी पुरवणाऱ्या कडुबाशेठच्या उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसायची. अब्बांनी तिला शहरात पाठवलं ते तिथले मॅनेजर श्रीधरकाका यांच्या शब्दावर. पोरीची जबाबदारी माझी, असं ते अब्बांच्या दुकानात येऊन सांगून गेले होते.

काकांची नजर जात चालली आहे, हे पहिल्यांदा तिलाच कळलं. वसाहतींची मागणी मेलवर यायची आणि काका पडद्याला नाक लावून ती वाचायचे. शेठला कळलं तर घरी बसवतील, म्हणून त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं. तिनं मेलच्या सेटिंगमध्ये शिरून येणाऱ्या मेलची अक्षरं बोटभर मोठी, काळीभोर करून ठेवली. जाणाऱ्या मेलची बारीकच राहू दिली, चारचौघांची असतात तशी, म्हणजे वाचणाऱ्याला शंका यायला नको. टाइपरायटरवर आयुष्य काढलेल्या काकांना लिहायला डोळे लागतच नव्हते. सगळं झाकलं गेलं. त्या दिवसापासून काकांच्या डब्यातली एक पोळी तिच्यासाठी यायला लागली.

वैशाखात एका सकाळी मेलचा प्रोग्राम आपणहून अपडेट झाला आणि अक्षरं पुन्हा मुंगीएवढी झाली. शेठ समोरच चहा पीत बसलेले. त्यांच्यादेखत रईसाला हाक मारायची कशी? रोजचंच असेल, अशा अंदाजानं काकांनी टँकर नेहमीच्या छावणी भागाकडे लावले. त्या दिवशी मेलवर पाणी मागितलेली बायपासजवळची वसाहत दिवसभर कोरडी राहिली. संध्याकाळी बाया रिकामे हंडे घेऊन ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या.

शेठनं चूक कुणाची ते विचारलं. रईसा काकांकडे बघत होती. ते खरं सांगतील. नाहीच जमलं, तर निदान गप्प राहतील, एवढंच तिला वाटत होतं.

"मेल पोरगीच वाचून दाखवते मला," काका म्हणाले. "तिनं छावणी सांगितली."

तिनं वचन मोडलं नाही. शेठ ओरडले नाहीत. उद्यापासून इथं नको, टँकर भरतात तिथं पावत्या फाडायला बस, एवढंच म्हणाले. उघड्या माळावर, ड्रायव्हरांच्या गर्दीत. अब्बा तिथं एक दिवसही पाठवणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक होतं.

शेठ गेल्यावर ती आपला रिकामा डबा पिशवीत ठेवत होती. काका जवळ आले.

"राग धरू नको, बेटा. तुला कुठंबी काम मिळंल. मला या वयात कोण ठेवणार?" मग म्हणाले, "जाता जाता अक्षरं तेवढी मोठी करून दे."

ती खुर्चीत बसली. येणाऱ्या मेलची अक्षरं मोठी केली. जाणाऱ्या मेलचीही तेवढीच मोठी, तेवढीच काळी केली आणि हे कायमचं राहावं म्हणून चौकटीत खूण केली.

काकांनी लगेच बसून बोटं चालवली. "अरे वा, लिहिलेलंबी दिसायलंय आता. हे आधी का नाय केलंस गं?"

"आधी गरज नव्हती, काका."

ते शेठलाच लिहीत होते, रईसाच्या जागी दुसरी मुलगी बघा म्हणून. दारात चपला घालताना तिला तिथूनही सगळं सहज वाचता आलं. शेठच्या पडद्यावरही ते एवढंच मोठं उघडणार होतं.

काकांनी मेल पाठवला. ती बस गाठायला निघाली.