एक मिनिट आधी दिलेलं कार्ड

माझी मावशी पडदे शिवते. साठी उलटली तरी रोज सकाळी साडेआठला ती कारखान्याचं शटर वर करते, कापायच्या लांब टेबलावरून एकदा हात फिरवून घेते आणि तोंडात चार टाचण्या धरून कामाला लागते. टाचण्या तोंडात असताना तिच्याशी बोलायचं नसतं. मी लहानपणापासून नेमकी तेव्हाच बोलत आलेय.

मी अकरा वर्षं रॅलीत गाडी चालवली आणि आता मुलांना शिकवते. कोणामुळे इथवर आलीस, असं विचारलं की मी वडिलांचं नाव घेते, मग माझ्या पहिल्या संघाच्या प्रमुखांचं. ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं इथे लिहितेय, आणि लिहिताना कान लाल झालेत हेही सांगून टाकते.

मी सतरा वर्षांची होते. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढ्या गॅरेजात वडिलांनी एक जुनी छोटी गाडी घेऊन तिला रॅलीची केली होती. आतली मागची सीट काढली, लोखंडी पिंजरा बसवला, पुढच्या दोन सीटना जाडजूड पट्टे लावले. ज्युनियर स्पर्धेचा तो माझा शेवटचा हंगाम. सहा रॅल्या. हंगामाच्या शेवटी एक मोठा संघ दर वर्षी एका ज्युनियरला आपल्या गाडीत घ्यायचा, फक्त एकाला. वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘ती गाडी मिळाली तर पुढे. नाही मिळाली तर ही मी विकणार आणि तू माझ्यासोबत गॅरेजात पाना हातात घेणार.’’ घरात त्यावर चर्चा नव्हती.

आता शेजारच्या सीटचा प्रश्न. रॅलीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा नॅव्हिगेटर, म्हणजे वहीतून पुढची वळणं वाचून दाखवणारा. ज्युनियरमध्ये आणखी एक गंमत. शर्यतीचे टप्पे बंद रस्त्यावर असतात, तिथे मी चालवायची. पण एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जायचं ते साध्या रस्त्याने, सिग्नल पाळत, आणि माझ्याकडे लायसन्स कुठे होतं? म्हणून टप्पा संपला की दोघांनी उतरायचं, जागा बदलायच्या आणि पुढचं अंतर नॅव्हिगेटरने चालवायचं. वडिलांना चालत्या गाडीत वाचलं की मळमळायचं. आईने तर गाडीकडे बघून हात जोडले. मावशी कारखान्याची व्हॅन वीस वर्षं चालवत होती, लोकांच्या घरी पडदे लावायला जायची, आणि तिच्या व्हॅनला एक ओरखडा नव्हता.

‘‘मला वाचता येतं, चालवता येतं. अजून काय लागतं?’’ ती म्हणाली. ‘‘घाबरायचं असेल तर ते मी घरी येऊन करीन.’’

पहिल्या रॅलीत ती इतक्या हळू आवाजात वाचत होती की माझा पारा चढला. ‘‘मोठ्याने!’’ मी किंचाळले. ‘‘तुझ्या हेल्मेटमध्ये स्पीकर आहे, घाईबाई. बहिरी असशील तर तसं सांग,’’ ती म्हणाली आणि त्याच दमात पुढचं वळण वाचलं. घाईबाई हे तिनेच ठेवलेलं नाव. तिच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की एकदा स्पर्धेच्या फॉर्मवर लिहिता लिहिता राहिली.

बाकीचे नॅव्हिगेटर ठरलेली भाषा वापरायचे. मावशीने स्वतःची काढली. मागे परत फिरवणाऱ्या वळणाला ती ‘दुमड’ म्हणायची. एकापाठोपाठ येणारी लहान लहान डावी-उजवी वळणं, ज्यांतून गाडी जवळजवळ सरळच काढायची असते, ते ‘टाके’. ‘‘शंभर मीटर, टाके, मग डावी दुमड, काठाला दगड.’’ टप्पा चालू असताना ती मान वर करत नसे. रस्ता ती सीटला बसणाऱ्या हादऱ्यांवरून ओळखायची, कापड बोटांनी ओळखतात तसा. तिसऱ्या रॅलीत पुढच्या गाडीच्या धुळीने काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ‘‘दुमड, आत्ता,’’ ती म्हणाली आणि मी न बघता चाक फिरवलं. रस्ता तिथेच होता. ती रॅली आम्ही जिंकलो. मी अंगात वारं भरल्यासारखी नाचत होते आणि ती बाजूला बसून वहीत एक वळण दुरुस्त करत होती.

तिला हे सगळं मनापासून आवडायला लागलं होतं, हे मी इथे मुद्दाम लिहितेय. वहीला तिने उरलेल्या पडद्याच्या जाड निळ्या कापडाचं कव्हर शिवलं. कारखान्यातल्या बायकांना ती जेवणाच्या सुट्टीत टेबलावर खडूने वळणं काढून समजावायची. ‘‘पुढच्या वर्षी डोंगरातल्या लांब रॅल्या असतात ना?’’ तिने मला एकदा विचारलं. ‘‘त्यांची वही कशी करतात ते मी विचारून ठेवलंय.’’ मोठ्या संघाची गाडी मिळाली तर ती आम्हा दोघींना मिळणार, असंच तिने धरलं होतं. मीही तसंच धरलं होतं.

मग आली चौथी रॅली.

प्रत्येक टप्प्याच्या आधी रस्त्यालगत एक टेबल असतं. तिथे दोन माणसं, एक घड्याळ. तुमचं एक ठरलेलं मिनिट असतं आणि त्याच मिनिटाला तुमचं टाइम कार्ड, ज्यावर ते वेळेचा शिक्का मारतात, त्यांच्या हातात पडायला हवं. उशीर झाला तर थोडी शिक्षा, आणि लवकर दिलं तर जास्त: एक मिनिट आधी, की सरळ एका मिनिटाचा दंड. नवख्यांना हे उलटं वाटतं. मावशीला अजिबात वाटलं नाही. ‘‘गिऱ्हाइकाच्या घरी वेळेआधी गेलं की ते आंघोळीला गेलेलं असतं,’’ ती म्हणायची.

शेवटचा टप्पा राहिला होता आणि आम्ही पस्तीस सेकंदांनी पुढे होतो. आमचं मिनिट होतं अकरा सत्तेचाळीस. मावशीने गाडी टेबलापाशी आणून उभी केली. मागे काहीतरी खडखडत होतं. ‘‘चिखलपट्टी सुटलीय वाटतं. बघून येते. आपलं मिनिट अजून आलेलं नाही, कार्डाला हात लावू नकोस,’’ असं स्पष्ट सांगून ती उतरली.

मी बसून राहिले. किती? वीस सेकंद असतील. आमच्या मागची गाडी येऊन थांबली. टेबलावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं मिनिट, मावशी त्या पट्टीत गुंतलीय आणि आपण इथे बसून वेळ घालवतोय. दाराच्या खिशातलं कार्ड काढलं आणि खिडकीतून पुढे केलं. त्याने घड्याळ बघून शिक्का मारला. अकरा सेहेचाळीस.

मावशी परत आली तेव्हा कार्ड माझ्या मांडीवर होतं. तिने आकडा बघितला, मग माझ्याकडे. ‘‘जागा बदल,’’ एवढंच ती म्हणाली. ‘‘टप्पा राहिलाय अजून.’’

पहिल्यावरून आम्ही तिसऱ्यावर आलो. गाडी दुरुस्तीच्या आमच्या तंबूत वडील रागाने लाल होऊन उभे होते. ‘‘कार्ड कोणी दिलं?’’ मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, ‘‘मी. मिनिट चुकलं माझं.’’ वडील तिला काही बोलू शकत नव्हते. बायकोची मोठी बहीण, त्यात फुकट येणारी. ते पाना घेऊन गाडीखाली शिरले. घरी गेल्यावर खरं सांगू, असं मी ठरवलं. घरी गेल्यावर उद्या सांगू असं ठरवलं.

पाचवी आम्ही जिंकलो. सहावीत दुसऱ्या आलो आणि ज्युनियर विजेतेपद दोन गुणांनी गेलं. चौथ्या रॅलीतला तो एका मिनिटाचा दंड नसता तर ते आमचं होतं. हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

बक्षिसं वाटून झाल्यावर मोठ्या संघाचे प्रमुख आमच्या तंबूत आले. उंच, वाळके, कमी बोलणारे गृहस्थ. वडिलांनी दिलेल्या खुर्चीवर ते बसलेच नाहीत.

‘‘मुलीचा हात चांगला आहे,’’ ते म्हणाले. ‘‘जिंकलेल्या पोरापेक्षाही चांगला. मला एकच विचारायचंय. चौथ्या रॅलीत कार्ड लवकर कोणी दिलं?’’

वडील मावशीकडे बघू लागले.

‘‘मी का विचारतोय तेही सांगतो,’’ प्रमुख म्हणाले. ‘‘ नॅव्हिगेटरने दिलं असेल तर नॅव्हिगेटर बदलता येतो. ड्रायव्हरने दिलं असेल, तर ज्याला एक मिनिट थांबवत नाही त्याच्या हातात मी माझी गाडी देणार नाही.’’

मावशी खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. निळ्या कव्हरची वही तिच्या मांडीवर होती. तिने मान वर केली. ‘‘मी दिलं,’’ ती म्हणाली. ‘‘तिचा काही संबंध नाही. ती तर नको म्हणत होती.’’

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, ती मूग गिळून गप्प बसले.

मला गाडी मिळाली. शेजारी संघाचा नॅव्हिगेटर आला, चांगला होता बिचारा. त्या दिवशी प्रमुख तंबूतून गेल्यावर मी मावशीला म्हटलं, ‘‘तू असं का सांगितलंस?’’

‘‘मग काय सांगू? गॅरेजात बसलेली बघायची होती का तुला?’’

‘‘पण तुझी सीट गेली ना.’’

‘‘मला पडदे आहेत,’’ ती म्हणाली आणि नाड्या सोडून झाल्या तरी वाकूनच राहिली.

त्यानंतर ती कधी रॅलीच्या गाडीत बसली नाही. माझ्या शर्यती बघायला यायची, दोरीच्या पलीकडे उभी राहायची, आणि मी गेले की पुढचं वळण ओठातल्या ओठात म्हणायची. हे मला आईने सांगितलं. माझ्या चुकीवर तिने पांघरूण घातलं आणि त्यात तिचंच नाव खराब झालं. पहिलं वर्षभर मला भीती होती. नंतर लाज वाटायला लागली. मग लाजेचीही सवय झाली, आणि चौदा वर्षं गेली. मावशी, मी मनापासून तुझी ऋणी आहे. हे वाक्य मी चौदा वर्षांत एकदाही तुझ्या तोंडावर म्हटलं नाही, म्हणून छापून म्हणतेय. कार्ड मी दिलं होतं.

इथवर लिहून मी कागद घेऊन कारखान्यात गेले. दुपारची वेळ होती, शिलाई मशिनं चालू होती. मावशीने तोंडातल्या टाचण्या एक एक काढून उशीत खोचल्या, चष्मा लावला आणि टेबलाशी उभ्या उभ्या सगळं वाचलं.

‘‘हे छापणार?’’

‘‘हो.’’

‘‘तुझ्या त्या प्रमुखांना कळेल.’’

‘‘त्यांना काल फोन करून सांगितलं.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘म्हणाले, चौदा वर्षं थांबता आलं, तेव्हा एक मिनिट काय जड होतं?’’

मावशी हसली. खूप हसली, चष्मा काढून पुसावा लागला. पुसत राहिली ती राहिलीच, आणि मला तिच्याकडे बघवेना.

‘‘छाप,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘पण नुसतं लिहून भागायचं नाही, घाईबाई. मला बसव.’’

‘‘कुठे?’’

‘‘गाडीत. अजून कुठे?’’

आमच्या क्लबची पुढच्या महिन्यात एक छोटी रॅली आहे, चार टप्प्यांची. नॅव्हिगेटरला वयाची वरची अट नाही, मी नियम तीनदा वाचले. फक्त डॉक्टरांची सही लागते, म्हणून काल मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी रक्तदाब बघितला, डोळे बघितले, मान फिरवून बघितली आणि फॉर्म वाचून चकित झाले.

‘‘आजी, या वयात हे कशाला हो?’’

मावशीने वर गुंडाळलेली बाही खाली ओढली आणि बटण लावलं.

‘‘माझी सीट आहे ती,’’ ती म्हणाली.

डॉक्टरांनी सही केली.